एका चारपाईचे दोन मालक

छावणी, निगडीच्या पुढे
शनिवार, ३ जानेवारी २०२६

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसलो आणि समोरच्या लिंबावर मोर येऊन बसला. मोर झाडावर बसतो हे मला ठाऊकच नव्हतं. तो उडेपर्यंत बघत राहिलो. तेवढ्यात चहा गार झाला म्हणून लंगरात, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, दुसरा आणायला गेलो. तिथे वांगी चिरणाऱ्याशी गप्पा झाल्या, आणि आता परत बसलोय. तर मोराचं राहू दे.

फोन गेटवर जमा करावा लागतो, तो संध्याकाळी बाहेर पडलं की मिळतो. पण तूच बजावलंयस की फोनवर मी थापा मारतो आणि कागदावर मला त्या जमत नाहीत, म्हणून हा कागद. सुजित बरा सापडलाय. तुझ्याकडे कॉटवर राहतो, चाकणहून पावाचा टेंपो घेऊन इथल्या लंगरात येतो, आणि आपली पत्रं पावाच्या क्रेटमध्ये घालून नेतो. पत्राला पावाचा वास आला तर माझी चूक नाही.

तू विचारलंस की नक्की काम काय करतोस. सांगतो. इथे सिंगल जवानांच्या चार बराकी आहेत. सिंगल म्हणजे बिनलग्नाचे असं तुला वाटेल. तसं नाही. निम्म्यांना दोन-दोन पोरं आहेत, पण बायको गावाकडे असली की फौजेच्या लेखी माणूस सिंगल. हे दाजींना सांगू नकोस, भलते विचार करतील. तर त्यांच्या राहण्याची सगळी उस्तवार माझ्याकडे. नवीन आला की त्याला चारपाई द्यायची (इथे कॉट म्हटलेलं कळत नाही), मच्छरदाणी द्यायची, नळ गळाला की प्लंबर बोलवायचा, कुणाची बादली कुणी नेली याचा निवाडा करायचा. बादल्यांवरून जेवढी भांडणं होतात तेवढी सरहद्दीवरून होत नसतील. प्रत्येकाच्या चारपाईखाली काळी लोखंडी ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव.

माझे वरिष्ठ सुभेदार भीमराज साळुंखे, जतकडचे. आवाज असा की नळ आपोआप बंद होतो. पण मला निरंजनराव म्हणतात. आजवर मला राव कुणी म्हटलं होतं का गं?

मी स्वतः झोपतो स्टोअरमध्ये, जुन्या कांबळ्यांच्या ढिगावर. दीडशे चारपाया माझ्या हाताखाली आणि मला एक नाही! पण या महिन्याच्या शेवटी तीन महिने भरतात. सुभेदार साहेबांनी चांगला शब्द टाकला की इथे माणसं पुरवणारा ठेकेदार मला कायम करणार. स्टोअरला लागून एक खोली आहे, नुकताच चुना मारलाय, ती मला मिळणार. ताई, ताथवड्याच्या कॉलेजचं कँटीन मी सोडलं, कासारवाडी स्टेशनचं पार्किंग सोडलं, निगडीचं झेरॉक्सचं दुकान तर जेवायच्या सुट्टीत सोडलं. ही नोकरी मला सोडायची नाहीये. असं वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय.

कळावे. माया असू दे, आणि लोणच्यात मीठ जरा कमी असू दे.

तुझा,
निरंजन


चाकण
मंगळवार, ६ जानेवारी

चि. निरंजन यास,

ताईचे अ. आ.

पत्राला पावाचा नाही, डिझेलचा वास आला. तरी दोनदा वाचलं. तुझे दाजी मागून वाचत होते, सिंगलचं कळलं त्यांना. तेव्हापासून चहा स्वतः करून घ्यायला लावलाय. म्हटलं फौजेत असंच असतं.

तू माझ्यासारखंच काम करायला लागलास याचं हसू आलं. तुला लहानपणी झाडू दिला तर झाडूच घेऊन गावभर फिरून यायचास. आता तूच लोकांना झोपायच्या जागा वाटून देतोस. माझ्याकडे कॉटा बारा आणि माणसं वीस, हे तुला माहीतच आहे. रात्रपाळीवाला सकाळी येतो तेव्हा दिवसपाळीवाला उठून गेलेला असतो. कॉट तीच, चादर ज्याची त्याची. मी कधी कुणाला दारातून परत पाठवलं नाही. परवा घरमालकीण शालनबाई विचारत होत्या की तुमची माणसं झोपतात तरी कधी. म्हटलं, आमच्या घरात कुणी ना कुणी कायम झोपलेलंच असतं, म्हणून तर मी हळू बोलायला शिकले. त्या म्हणाल्या, हे हळू आहे होय.

तुझी खिडकीजवळची कॉट अजून मोकळी आहे. दाजी म्हणतात भाड्यानं दे. मी दिली नाही. पण म्हणून लगेच धावत येऊ नकोस. तुझ्या त्या सुभेदारांना मी शब्द दिलाय. आपल्या अंबाजोगाईच्या मावशींच्या ओळखीनं तुझं काम झालं, तेव्हा त्यांनी मला फोनवर विचारलं होतं की पोरगा टिकेल का. मी टिकेल म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी थाप आहे. ती खरी करून दाखव, एवढंच मागते.

लोणच्यात मीठ तेवढंच राहील. लोभ त्याहून जास्त आहे.

तुझी,
विजूताई


छावणी
बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. तिळगूळ मिळाला. वडी हवालदार जगबीर यांनाही दिली. ते हरियाणाचे, अंगानं दरवाजाएवढे. गोड बोला म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं की आजच का, बाकीच्या दिवशी काय अडचण आहे.

ताई, एवढं घडलंय की कुठून सुरू करू! थंडी पडलीय. पाणी तापवायचा रॉड बराकीत लावायला बंदी आहे, म्हणून तो सगळ्यांकडे आहे. गेल्या गुरुवारी तीन नंबर बराकीत सगळ्यांनी एकाच वेळी आंघोळ काढली. आधी दिवे गेले, मग भिंतीतून धूर आला. कुणाला काही झालं नाही, एकाची मिशी पाण्यात भिजून सुकायची राहिली एवढंच. पण वायरिंग पार जळलं. नवीन टाकायला बरेच दिवस लागणार, तोवर बराक बंद. तिसेक माणसं, त्यांच्या ट्रंका आणि बादल्या व्हरांड्यात.

सुभेदार साहेब दुसऱ्याच दिवशी मुलीच्या साखरपुड्याला जतला निघाले. जाताना सांगून गेले की सोमवारी व्हॉलीबॉलच्या मैदानावर तंबू ठोका आणि मी येईपर्यंत काही डोकं चालवू नका. सोमवार उजाडला. तंबू काढले तर त्यांना उंदरांनी खिडक्या केलेल्या. आणि जगबीर हवालदारांचा चेहरा एवढासा झाला. महिनाअखेरीला दुसऱ्या कंपनीशी सामना आहे, गेल्या वर्षी हे हरलेत, आणि मैदानावर तंबू आले की सराव बंद. त्यांनी मला विचारलं, निरंजन भाई, दुसरा काही रस्ता निघेल का.

तेव्हा मला तू आठवलीस! मी पाहिलं, रात्री गार्डवर जाणारे कितीतरी, त्यांच्या चारपाया रात्रभर रिकाम्या. लंगरवाले पहाटेच उठून जातात. ड्रायव्हर बाहेरगावी. म्हणजे हे तर चाकणच झालं. बसलो आणि जोड्या लावल्या. गार्डवाला आणि ऑफिसवाला एका चारपाईवर, ट्रंका दोन, मच्छरदाणी एक. जवानांनी आधी मला वेडा ठरवलं, मग मैदान वाचतंय म्हटल्यावर खांद्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळे मार्गी लागले. तंबू परत घडी करून उंदरांच्या हवाली केले.

जगबीर यांची जोडी सेल्वमशी लावलीय. तो तमिळनाडूचा, एवढासा, चारपाईच्या एका कोपऱ्यात मावतो. दोघं एकमेकांना भेटतच नाहीत. उशीखाली एकमेकांसाठी शेंगदाणे ठेवतात.

सुभेदार साहेब रविवारी येतायत. बघून चाट पडतील. ताई, खोली पक्की समज. मी आत्ताच ठरवून टाकलंय की कॉट दरवाजाकडे डोकं करून लावायची.

कळावे. अभिमानानं चार लोकांना सांगत फिर, पण लोभ माझ्यासाठी राखून ठेव.

तुझा पराक्रमी भाऊ,
निरंजन


चाकण
शुक्रवार, १६ जानेवारी

चि. निरंजन,

अ. आ. नंतर घे, आधी हे वाच.

अरे शहाण्या, तुमच्याकडे सुट्टी कुठल्या वारी असते? माझ्याकडे कुणाची गुरुवारी, कुणाची रविवारी, कुणाची फिरती. एका वेळी घरी बसलेला एखादाच. त्याला कुठे झोपवते? तुझ्या खिडकीजवळच्या कॉटवर! ती तुझ्यासाठी मोकळी ठेवते असं मी म्हणते, आणि ठेवतेच. पण तू नसतोस म्हणून सुट्टीवाला तिच्यावर पाठ टेकतो. ती एक कॉट मोकळी आहे म्हणून बाकी सगळं घर चालतं. हे तुला सांगायचं मला कधी सुचलंच नाही, कारण तू कधी दोन वाक्यं पुरी ऐकून घेतलीस?

फौजेत सगळ्यांना रविवार असेल ना रे? आणि रविवारी दुपारी जेवून माणूस काय करतो?

फोन लावतेय तर बंद, जोड्या लावण्याच्या नादात तू गेटबाहेर पडलाच नाहीस वाटतं. आजच्या आज काहीतरी कर. दोन दिवस हातात आहेत. दाजी म्हणतात तंबू शिवून घे. मी सुजितला टेंपो सुरू करायला लावून हे पत्र लिहितेय, तो बाहेर हॉर्न वाजवतोय, त्यामुळे आशीर्वाद खाली गडबडीत देते.

घाईघाईत पण भरपूर,
ताई


छावणी
सोमवार, १९ जानेवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. शुक्रवारी सुजितचा टेंपो भोसरीत बंद पडला आणि शनिवार-रविवार पाव दुसऱ्या गाडीनं आला. वाचून मी हसलो. मग रडलो. मग परत हसलो, कारण तुझं पत्र वाचताना काल दुपार जशीच्या तशी डोळ्यांसमोर आली.

काल लंगरात पुऱ्या, कोंबडी आणि खीर होती. आठवड्याची ती एकच झोप, ताई. सगळी छावणी तिच्यासाठी जगते. दिवसपाळीचे निवांत आंघोळ करून आले, तर चारपाईवर रात्रीचे गार्डवाले घोरत पडलेले. एकेका चारपाईला दोन-दोन मालक. कुणी डोक्याकडून चढला, कुणी पायाकडून. एक जोडी आडवी झोपली, दोघांचे चार पाय बाहेर. सेल्वम जगबीर यांच्या खाली कुठेतरी होता, आम्हाला त्याचा फक्त आवाज येत होता. कुणी व्हरांड्यात ट्रंका जुळवून त्यांवर पडले. एकजण मच्छरदाणीत अडकला आणि त्याला सोडवायला गेलेला दुसराही अडकला. मी या टोकाकडून त्या टोकाकडे पळत होतो आणि सगळ्यांना सांगत होतो की जरा सरकून घ्या. भांडण म्हणावं तर कुणी भांडत नव्हतं, हसूनच बेजार झाले होते सगळे.

आणि दारात सुभेदार साहेब. हातात साखरपुड्याच्या पेढ्यांचा मोठा पुडा.

सगळे ताडकन उठून सावधान. प्रत्येक चारपाईशी दोघं, वर बनियन, खाली टॉवेल. मी फौजी नाही तरी मीही सावधान, एका पायात चप्पल. साहेबांना ओरडायचं होतं, पण पेढे आधी वाटले पाहिजेत ना. ते एकेकाजवळ जाऊन आधी पेढा देत होते आणि मग झापत होते. पेढा, झापणं, पेढा, झापणं. पेढा तोंडात असल्यामुळे कुणाला येस सर म्हणता येईना. जगबीर यांनी माझी बाजू घेत सगळा दोष व्हॉलीबॉलवर टाकला. मी पुढे होऊन सांगितलं की डोकं मीच चालवलं, आमच्या चाकणला असंच चालतं. साहेब म्हणाले की चाकणला मोटारी बनतात, इथे जवान झोपतात. मलाही पेढा दिला. मग शांतपणे सांगितलं की गुरुवारी ठेकेदार येतोय, सामान बांधून ठेवा. निरंजनराव म्हणाले नाहीत. ते जास्त लागलं.

टीव्हीचा हॉल रिकामा करून त्यात बरेच जण घातले. दहा-बाराजण उरलेत. त्यांच्यासाठी उद्या मैदानावर तंबू, म्हणजे सामनाही गेला. तरी जगबीर यांनी पाठीवर थाप मारली, अजून दुखतेय.

एरवी या टप्प्यावर मी कुठे असतो हे तुला माहीत आहे. कुणी जा म्हणायच्या आत बसमध्ये बसलेला असतो. आत्ताही पिशवी भरून तयार आहे, तिला वेळच लागत नाही. निगडीच्या स्टँडवर जाऊन बसलो तर लोणावळा, नारायणगाव, काहीही लागतं. तू दिलेला शब्द मी खोटा पाडला. खिडकीजवळची कॉट मोकळी आहे का, एवढं कळव.

माया राहिली असेल तर थोडी,
निरंजन


चाकण
मंगळवार, २० जानेवारी

चि. निरंजन यास,

अनेक, अनेक आशीर्वाद.

पेढ्यांचं वाचून मी एवढी हसले की दिवसा झोपलेले चौघं उठले. दाजी खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले, खांदे हलत होते. ते हसले म्हणजे बघ.

आता नीट ऐक, दोन्ही वाक्यं. कॉट मोकळी आहे आणि तुझीच आहे. पण आज येऊ नकोस. पद्धत माझी, अर्धी सांगितली ती मी, आणि सामान तू बांधायचं? मी सुभेदारांकडे यायला निघाले होते, पदर खोचून. दाजींनी अडवलं. म्हणाले, तू गेलीस तर तो कायमचा तुझा धाकटाच राहील.

म्हणून एवढंच सांगते. जा म्हणतील तेव्हा जा. तोपर्यंत थांब. तू आजवर कुठूनच हाकलला गेला नाहीस रे, कारण तू कुणाला तेवढा वेळच दिला नाहीस. एकदा थांबून बघ, पुढे काय होतं. मलाही बघायचंय. त्या दहा-बारा पोरांची सोय लागेपर्यंत तरी काम तुझंच आहे ना? माझ्या दारात माणूस उभा असताना मी कधी पिशवी भरली नाही.

सुजितला टेंपोचं सर्व्हिसिंग करायला लावलंय. उत्तर लवकर धाड. लोभाचं विचारलंस? लाज नाही वाटत विचारायला.

तुझी,
विजूताई


छावणी
रविवार, १ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. सव्वीस जानेवारीची गडबड होती, मग सामना, मग त्या मोराला पिल्लं झालीत असं लंगरवाला म्हणाला म्हणून बघायला गेलो. पिल्लं नव्हती, कोंबड्या होत्या. असो.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी पोरं मैदानावर खुंट्या ठोकायला निघाली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि स्टोअरचं कुलूप काढलं. कांबळ्यांचा ढीग माळ्यावर चढवला, मोडके पंखे बाहेर काढले, माझी झोपायची जागा झाडून घेतली. सहा चारपाया बसल्या. तरी पाच-सहाजण उरले. मग शेजारची खोली उघडली. ती, चुना मारलेली. खिडकी पूर्वेला आहे तिची, ताई. जरा वेळ आत उभा राहिलो. मग जगबीर यांना हाक मारली की या बाकीच्या इकडे घेऊन. दरवाजाकडे डोकं करून नाही लावता आल्या, चारपाईला चारपाई लागली, पण बसल्या सगळ्या. तंबू घडीतच राहिले, मैदान मोकळं.

सुभेदार साहेब आले, सगळीकडे फिरले, वाकून चारपायांखाली पाहिलं की कुणी लपवलाय का. एका चारपाईला एकच माणूस. मग मला विचारलं की तुम्ही कुठे झोपणार. आणि खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मी हा विचारच केला नव्हता. तेवढ्यात मागून जगबीर म्हणाले की आज रात्री मी गार्डवर आहे, माझी चारपाई रिकामी आहे. सेल्वम म्हणाला उद्याची माझी. मग सगळेच आपापले वार सांगायला लागले.

साहेब बराच वेळ मिशी ओढत होते. शेवटी म्हणाले की चाकणची पद्धत या छावणीत फक्त एका माणसाला लागू राहील. आणि जाता जाता म्हणाले, निरंजनराव, गुरुवारी ठेकेदार आला की त्याला माझ्याकडे पाठवा, तुमच्याकडे नको.

ठेकेदार आला आणि गेला. मी आहे! कायम! पत्राचा कागद तुझ्या हातात नाचत असेल तर तो मीच आहे असं समज.

तर आता मी रोज नव्या जागी झोपतो. एक दिवस हरियाणात, एक दिवस तमिळनाडूत, परवा तर नागालँडला होतो. कुणाच्या उशीला चमेलीच्या तेलाचा वास, कुणाच्या डोक्याशी मुलीनं काढलेला हत्ती, कुणाच्या भिंतीवर आपल्या म्हशीचा फोटो. सकाळी जाग आली की आधी आठवावं लागतं की आज आपण कोण. पिंपरी-चिंचवडभर भटकून जे मिळालं नाही ते इथे जागचं न हलता मिळतंय. तीन नंबरचं वायरिंग पुढच्या आठवड्यात होईल, मग खोली मोकळी करून देतो असं साहेब म्हणतात. मी म्हटलं सावकाश होऊ द्या.

सामना हरलो आपण. पण थोडक्यात.

आज दुपारी खीर खाऊन सगळी बराक झोपली होती. मी गार्डवर गेलेल्या एकाच्या चारपाईवर पडायला म्हणून पाय न वाजवता चाललो होतो. शेजारचा नायक (हवालदाराच्या खालचा हुद्दा) झोपेतच मोठ्यानं गरजला, थम, कौन आता है! पहाऱ्यावर असंच विचारतात. तिथे आपलं नाव सांगायचं नसतं, काय सांगायचं ते ठरलेलं असतं. मी जागच्या जागी थांबलो आणि हळूच म्हणालो, दोस्त. तो कुशीवर वळला आणि घोरायला लागला.

एक काम आहे. जगबीर यांनी मला भंगारातली एक ट्रंक घासूनपुसून काळी करून दिलीय. वर पांढऱ्या रंगात माझं नाव. नंबर नाही आणि हुद्द्याची जागा कोरी आहे, तिथे काय लिहायचं यावर लंगरात वाद चाललाय. रिकामी असतानाच एवढी जड आहे की घेऊन पळता येणार नाही. ते ओळखूनच दिली असणार. सुजितबरोबर एक कुलूप पाठव, साधंच. एक किल्ली तुझ्याकडे ठेव. आजवर माझ्याकडे कुलूप लावावं असं काही नव्हतं, म्हणून कुठल्या मापाचं लागतं ते मला कळत नाही. तुला कळेल.

दाजींना नमस्कार. लोभ धरून ठेव, मी आहे इथेच.

तुझा,
निरंजन